छातीवर काही नको

लातूर, रविवार, १३ ऑक्टोबर २०१३. दसरा. झेंडूची फुलं भिजकी आणि महाग. पुरण बरं झालं, कट पातळ झाला. दुपारी विरूपाक्षची नवी गाडी हैदराबादहून आली. लाल, दोनच दारं, फार बसकी. गल्लीतली मुलं फोटो काढत होती. साखराबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ अजीजनं फोडला. साखराबाई गाडीत बसून मोठ्या रस्त्यापर्यंत फिरून आली. फार खूश होती. झोपताना माझा गुडघा दुखत होता.

त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे. पुढच्या रविवारी त्या गाडीला अपघात झाला आणि साखराबाई गेली. वर्तमानपत्रात जे आलं ते सगळं गाडीविषयी होतं: ती कुठून आणली, किती वेगानं पळते, कोणत्या क्लासच्या सरांची. शेवटी एक ओळ, ‘सोबतची महिला जागीच ठार.’ तेही खरं नव्हतं. ती जागीच गेली नाही. म्हणून जे मला माहीत आहे ते लिहून ठेवते.

साखराबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते इथल्या सरकारी दवाखान्यात, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर. माझे यजमान तिथं डॉक्टर होते. मी त्यांचा डबा घेऊन जात असे आणि मग तिथंच कुणाला पाणी पाज, कुणाच्या घरचा पत्ता लिहून घे, असं करत संध्याकाळपर्यंत थांबत असे. व्हरांड्यात भिंतीला टेकून एक चौतीस-पस्तीसची बाई बसलेली असायची आणि तिच्या पदराचं टोक मुठीत धरून एक सात वर्षांचा मुलगा.

तिचं गाव तेरणा नदीच्या बाजूचं. घरं दगडमातीची, भिंती रुंद, वर मातीचं जड माळवद. गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपेत होती. विरूपाक्ष हा तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. मिरवणुकीत नाचून दमला आणि आपल्या घरात न जाता चुलतीच्या कुशीत येऊन पडला. माळवद कोसळलं तेव्हा एक तुळई साखराबाईच्या छातीवर आडवी आली आणि तिथंच अडकली. तुळईवर अर्धी भिंत. खाली ती, आणि तिच्या काखेत हे पोर. तुळई तिच्यावर टेकली म्हणून पोरावर टेकली नाही. लोकांनी उकरून दोघांना बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती. नवरा, दोन मुली, दीर, जाऊ, कुणी राहिलं नव्हतं.

तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. पण पट्टी बांधू देईना.

“छातीवर काय बी नको, डाक्टरसाब. मरू द्या, पन छातीवर नको.”

माझे यजमान तसे रागीट. पेशंटनं ऐकलं नाही की आवाज चढवायचे. तिच्यापुढं त्यांनी हात टेकले. बरगड्या पट्टीवाचूनच जुळल्या, थोड्या वाकड्या.

पुढं ती आमच्याच घरी आली. आधी स्वयंपाकाला म्हणून, मग मागच्या दोन खोल्यांत कायमची. सरकारनं नव्या गावात तिला घर दिलं होतं. त्यात ती एकही रात्र झोपली नाही. वीस वर्षं आम्ही एका अंगणात राहिलो. माझी मुलगी नांदेडला, माझं माहेरही नांदेडचं. यजमान गेल्यावर सगळे म्हणाले, आता नांदेडला या. मी गेले नाही त्याचं मोठं कारण साखराबाई. ती मला वैनी म्हणायची. मी लिहायला बसले की म्हणायची, “झालं का आजचं मांडून? माझी आमटी खारट झालती ते नका लिहू.” मी लिहीतच असे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ती शिस्त लागली होती, की दिवस मावळल्यावर झालं तेवढं लिहायचं, जास्तीचं नाही.

छातीवर काही नको, हे तिचं शेवटपर्यंत राहिलं. हिवाळ्यात गोधडी पोटापर्यंतच. ती लिंगायत, त्यांच्यात इष्टलिंग गळ्यात घालतात, ते छातीवर येतं. साखराबाईनं ते दंडाला बांधलं होतं. गर्दीच्या एसटीत चढायची नाही, कुणी अंगावर रेललं तर तिचा श्वास कोंडायचा. त्यामुळं की त्या निमित्तानं, पण वीस वर्षांत ती गावाकडं गेली नाही. अजीज, म्हणजे माझ्या यजमानांचा जुना ड्रायव्हर, कितीदा म्हणाला, “चला, आपल्या गाडीतून नेतो.” तर म्हणे, “तिथं काय हाय बघायला? बाभळी?”

एकदाच बोलली. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. पण त्या दिवसांत पाऊस लागून राहिला होता आणि गेलेली माणसं इतकी, की पडलेल्या घरांचे वासे रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. ती मधेच म्हणाली, “माझ्या पोरींना बसवलं न्हाई वो वैनी. आडवंच जाळलं.” आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

विरूपाक्ष हुशार निघाला. लातुरात शिकवणीचे दिवस तेव्हा नुकते सुरू झाले होते. बाहेरगावची मुलं येत, खोल्या घेत, आणि जेवणाचे हाल करून घेत. साखराबाईनं आमच्याच गल्लीतल्या तिघांचा डबा सुरू केला आणि बघता बघता मागच्या अंगणात खानावळ उभी राहिली. हदगावचा, भोकरचा, लोह्याचा, कुठला कुठला मुलगा तिच्या भाकरीवर वाढला. येसराचा मसाला घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. एखादा पोरगा म्हणाला, की मावशी, भूक नाही, पेपर आहे, तर ती म्हणे, “पेपर काय पोटाला बांधून लिवनार हायस? बस खाली.” आणि निकालाच्या दिवशी जो नापास झाला त्याला ती आधी वाढायची. पास झालेल्यांना म्हणायची, “तुमाला काय, तुमी आज हवा खाऊन बी जगाल.”

विरूपाक्षनं नांदेडला इंजिनिअरिंग केलं, तिथंच एका क्लासमध्ये शिकवायला लागला, आणि मग लातूरला येऊन दोघा मित्रांबरोबर स्वतःचा क्लास काढला. फिजिक्स शिकवायचा. मोठ्या मंडपात मुलं खाली बसून ऐकत. मीसुद्धा एकदा मागं जाऊन बसले होते. टेबलावर कागद, कागदावर पाण्यानं भरलेला पेला. त्यानं कागद झटकन ओढला, पेला जागच्या जागी. “वस्तूला आहे तसंच राहायचं असतं,” तो म्हणाला. “थांबलेली थांबूनच राहणार, पळणारी पळतच राहणार. मधे कुणी अडवलं तरच.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. साखराबाईला मी घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, “पेला फुटला असता म्हंजे? काचंचा व्हता का?”

गाड्यांचं वेड त्याला लहानपणापासून. त्याला ढिगाऱ्यातून काढल्यावर लष्कराच्या ट्रकमधून लातूरला आणलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गाडीत बसला तो असा. आमच्या अँबेसडरमध्ये बसून तो तासन्‌तास नुसतं चाक फिरवायचा. हातात पैसा आल्यावर कुणी प्लॉट घेतं, कुणी शेत. त्यानं ही गाडी घेतली. मला नवल वाटलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी अजीज गाडीभोवती फिरला, वाकून खालून बघितलं, आणि म्हणाला, “भाबी, ही गाडी हाय का पापड? लातूरच्या रस्त्यावर तर पोटानं सरपटंल.”

“अजीजचाचा, साडेतीनशे घोड्यांची ताकद हाय त्यात,” विरूपाक्ष म्हणाला.

“घोडे हायत ना? मग टांग्यावानी उंच करायला काय झालतं त्या कंपनीला?”

“तुमी गप बसा हो, अजीजभाई,” साखराबाई म्हणाली. “तुमच्या त्या अंबाशिटरला चार मानसं ढकलायला लागायची. वैनींच्या लेकीचं लगीन व्हऊन तिला पोरं झाली तरी ती चालू व्हत नव्हती.”

मग ती गाडीत बसली. बसायचं म्हणजे जवळजवळ पाटावर बसायचं. तिला ते आवडलं. “हे बरं हाय. जेवायला बसल्यावानी.” तिनं चपला बाहेरच काढल्या आणि सीटवर चांगली मांडी घातली. गाडी सुरू झाली तशी टिंगटिंग सुरू झाली.

“हे काय बोंबलायलंय?”

“पट्टा लाव म्हनायलंय, मोठीमाय.” तो तिला मोठीमाय म्हणायचा.

त्यानं वाकून पट्टा तिच्या अंगावरून घेतला आणि अडकवला. मी तिच्या बाजूच्या काचेशी उभी होते. तिच्या तोंडावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं. मग ओठ पांढरे झाले. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. दोन्ही हातांनी ती पट्टा पुढं ओढायला लागली, आणि ओढावा तसा तो आणखी घट्ट अडकला. विरूपाक्षनं खटका दाबून तो सोडवला, तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. हळूहळू तिला श्वास आला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “मी उतरते.”

“उतरू नको.” त्यानं पट्टा ओढला, तिच्या पाठीमागून नेला आणि मागच्या मागं अडकवून टाकला. टिंगटिंग थांबली.

“गप झालं की रं!” तिला गंमत वाटली. “पाठीला राखी बांधलीस व्हय?”

आम्ही सगळे हसलो. गाडी निघून गेली, तिच्या चपला रस्त्यावर राहिल्या होत्या त्या मी पायरीशी आणून ठेवल्या.

त्यांच्या गावाकडं रिवाज असा, की नवी गाडी आधी गावच्या महादेवाला दाखवायची, मगच ती लांबच्या वाटेला लावायची. बैलगाडीच्या काळापासूनचं आहे. भूकंपात गाव सगळं गेलं, पण महादेवाचं देऊळ उभं राहिलं, त्यामुळं नव्या गावातले लोक अजून जुन्या गावठाणात जाऊन गाड्या दाखवून येतात. विरूपाक्षनं पहिली मोटारसायकल एकट्यानंच दाखवली होती. या वेळी म्हणाला, “मोठीमाय, तू येनार असशील तरच जाईन. न्हाईतर गाडी हितंच उभी राहील.”

मला तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला होता, “आजी, तिनं एकदा तिथं जाऊन परत घरी यावं. एवढंच हवंय मला. मग ती गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपेल बघा.” वीस वर्षं त्याच्या मनात हेच होतं. ती तुळई तिच्यावरून उतरली नाही, आणि ती आपल्यापायी तिच्यावर आहे, असं त्याला वाटत असे. हे तो कधी बोलला नाही. मला दिसत होतं.

साखराबाईनं आठवडाभर टाळलं. डबे कोण करील? सिंधु, तिच्या हाताखालची बाई, म्हणाली, “मी करीन की. तुमी काय मला आंधळी समजायल्या का?” मग म्हणे पोटात दुखतंय. मग म्हणे साडी नाही. कोजागरीला दूध पिताना मात्र कप खाली ठेवून एकदम म्हणाली, “रविवारी जाऊ. जाऊन येऊ एकदाचं.” विरूपाक्ष उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गाडी पुसत राहिला.

रविवारी सकाळी तिनं हिरवं इरकल नेसलं. नैवेद्याचा डबा, बेलाची पानं. मला म्हणाली, “वैनी, तुमाला बी नेलं असतं. पन ह्यानं एवढी मोठी गाडी घेतली अन् बसायला दोनच मानसं.” मांडी घातली. त्यानं पट्टा मागून अडकवला. ती दोघं गेली.

तिथलं मला साहेबरावांनी सांगितलं. ते तिचे लांबचे दीर, नव्या गावात राहतात. जुन्या गावठाणात आता ढिगारे आणि बाभळी. देवळापुढं गाडी लावली, नारळ फोडला. मग ती कुणाला न विचारता चालायला लागली आणि नेमकी आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर जाऊन उभी राहिली. “आमाला वाटलं, आता रडतील,” साहेबराव म्हणाले. “पन त्यांनी पदर खोचला अन् बाभळीची रोपटी उपटायला लागल्या. म्हनल्या, पोरींच्या जागंवर काटे कशाला. मग आमी समद्यांनीच उपटली. मग तिथंच बसल्या, बेल वाहिला, माती कपाळाला लावली. जेवल्या बी पोटभर. दोनदा भाजी मागून घेतली.”

पुढचं विरूपाक्षनं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, काही त्याच दिवशी, काही नंतर.

परतीच्या वाटेवर ती खूप बोलत होती. त्याला आठवत नव्हतं अशा त्याच्या आईच्या गोष्टी सांगत होती. त्याची आई पोहायची, बायकांमध्ये एकटीच. विहिरीत उडी मारताना साडीचा काष्टा सुटला होता, ते सांगून साखराबाई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. सरळ रस्ता लागला तशी म्हणाली, “पळव की रं जरा. घोडे घोडे करतोस, बघू दे तुझे घोडे.”

“आजी, तिला तसं हसताना मी कधी बघितलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी पळवली.”

दिवस सोयाबीनच्या सुगीचे. भूकंपानंतरच्या नव्या गावांत गल्ल्या आखीव आहेत पण खळ्याला जागा ठेवलेली नाही, म्हणून लोक रास डांबरी रस्त्यावर पसरतात. अर्ध्या रस्त्यावर दाणे, कडेनं दगडांची ओळ. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे हळू घेतात. वळणाच्या पुढं अशीच रास होती आणि मोकळ्या बाजूनं समोरून एसटी आली. त्याला गाडी दाण्यांवर घ्यावी लागली. त्यानं ब्रेक दाबला. त्या दाण्यांवर माणसाचा पाय पडला तरी माणूस घसरतो. गाडी गोल फिरली आणि डाव्या बाजूनं कडुलिंबाच्या झाडावर गेली.

त्याचा पट्टा छातीवर होता. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी खरचटलं सुद्धा नाही. एअरबॅगचे फुगे फुटले, काचा फुटल्या. मांडी घालून बसलेल्या बाईला पाय रोवायलाही जागा नव्हती. ती पुढं आपटली आणि मग दाराकडं.

जिची रास होती ती बाई धावत आली. तिनं साखराबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पदरानं वारा घालत राहिली. साखराबाई शुद्धीवर होती. त्या बाईला म्हणाली, “तुझं सोयाबीन सांडलं गं.”

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं. मणक्याला मार असेल, हलवायचं नाही, म्हणून तिला फळीवर घेतलं आणि पट्ट्यांनी बांधलं. कपाळावर एक, छातीवर एक, गुडघ्यांवर एक. “लातूरला पोचेपर्यंत सोडायचे नाहीत,” ते म्हणाले. रुग्णवाहिकेत विरूपाक्ष तिच्याजवळ बसला.

“विरू, काढ रं हे.”

“थोडा वेळ, मोठीमाय. लातूर आलंच.”

“काढ रं बाबा. छातीवर नको.”

त्यानं डॉक्टरांच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, सोडला तर जागच्या जागी काहीही होईल. विरूपाक्षनं तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरून ठेवले, कारण ती पट्टा ओढायला लागली होती. तिनं पुष्कळदा सांगितलं. आधी रागानं, मग विनवून, मग लहान मुलीसारखं, “उचल की, कुनी उचला की.” वाटेतल्या औसा गावापर्यंत ती सांगत होती. औसा मागं पडल्यावर बोलली नाही.

मी आणि अजीज दवाखान्याच्या दाराशी उभे होतो. रुग्णवाहिकेचं दार उघडलं तेव्हा विरूपाक्षनं आमच्याकडं पाहिलं नाही. डॉक्टर येऊन तिचा डोळा उघडून बघेपर्यंत त्यानं तिचे हात सोडले नव्हते. ते सोडल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे तिच्या छातीवरचा पट्टा काढला.

पोलिसांपुढं त्याला दोघं-तिघं सांगत होते, की रस्त्यावर रास घालणाऱ्यावर तक्रार कर. त्यानं जबाब दिला: गाडी मी वेगात चालवली. त्या बाईचं नाव विचारलं, तर म्हणाला, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं. त्यांचे स्वामी, रेवणसिद्ध स्वामी, गावाकडून आले होते. आमच्या ओसरीवर भिंतीला टेकवून तिला मांडी घालून बसवलं. त्यांच्यात असंच बसवतात. धड सरळ राहावं म्हणून भिंतीतल्या खुंटीला धोतराची पट्टी बांधतात आणि ती छातीवरून घेतात. स्वामींनी पट्टी हातात घेतली.

“स्वामी, छातीवरून नको,” विरूपाक्ष म्हणाला.

“मग अंग कसं ऱ्हाईल, बाळा? गावापर्यंत न्यायचं हाय.”

“मी धरतो.”

तो तिच्या मागं जाऊन बसला. डावा हात गळ्यात बांधलेला. उजवा त्यानं तिच्या पोटावरून घेतला, छातीच्या खाली, आणि तिला आपल्या अंगावर टेकवून घेतलं. दुखत असणार. घाम त्याच्या कानामागून वाहत होता. थोड्या वेळानं त्याचा हात घसरायला लागला. अजीज ओसरीच्या कडेला उभा होता. चप्पल काढून वर आला.

“सरक बेटा. पाठ मी देतो, तू नुसतं धर.”

तो तिच्याकडं पाठ करून बसला आणि आपली पाठ तिच्या पाठीला लावली. पाहुणेमंडळींत जरा चुळबुळ झाली. स्वामींनी मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं, विभूतीचं ताट पुढं ओढलं आणि मंत्र सुरू केले. टेम्पोतून गावापर्यंत ते दोघं तसेच बसून गेले, सत्तरीचा अजीज आणि हा. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होते. खड्डा आला की मागून अजीजचा आवाज येई, “संभालके, अम्मा बसल्यात.”

बाभळी उपटलेल्या जागेशेजारी खड्डा घेतला होता. तिथं तिला बसवलं. सिंधुनं आणि मी बेल वाहिला. विरूपाक्ष शेवटपर्यंत खड्ड्यात होता. माती कमरेपर्यंत आल्यावर स्वामींनी त्याला हात देऊन वर घेतलं.

आज बुधवार. डबे बंद आहेत; मुलं येऊन दाराशी उभी राहतात आणि परत जातात. क्लासमधून फोन येत होते, त्यानं फोन बंद करून ठेवला. दोन दिवस तो मागच्या खोलीत बसून आहे. आज दुपारी मी चहा घेऊन गेले तर त्यानं मला बसायला सांगितलं.

“आजी, पोरांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. पळणारी वस्तू पळतच राहते. मला ठाऊक नव्हतं असं म्हणता यायचं नाही.”

मी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला.

“दसऱ्याला तिनं नको म्हटलं, मी ऐकलं. रुग्णवाहिकेत नको म्हटलं, मी ऐकलं नाही.” तो माझ्याकडं पाहत होता, एखाद्या मुलानं गणित अडल्यावर पाहावं तसं. “ह्यातलं चुकलं कुठलं? दोन्ही कसं चुकेल? एक तरी बरोबर असेल ना, आजी?”

माझं वय त्र्याहत्तर. पुष्कळ माणसं गेलेली पाहिली, आणि त्यांच्या माणसांना काय सांगायचं हेही थोडंफार येतं. देवाची इच्छा म्हणतात, वेळ भरली म्हणतात. मी हे त्याला सांगू शकले असते. पण ते खोटं सांत्वन साखराबाईनं ऐकून घेतलं नसतं, मुली गेल्या तेव्हाही नाही. मी त्याला म्हणाले, “मला ठाऊक नाही रे.” आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं तो बाजूला केला नाही. मग तो रडला, अपघातानंतर पहिल्यांदा. उशीत तोंड घालून, मोडलेलं हाड दुखतंय याची पर्वा न करता. मी तिथंच बसून राहिले. चहा गार झाला, त्यावर साय आली.

तेवढ्यात सिंधुनं अंगणातून हाक मारली, बाई, नळ आला, पाईप कोण धरतं? मी उठायला लागले, तर गुडघा धरला. विरूपाक्षनं शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं, मला खांदा देऊन उभं केलं आणि बाहेर गेला.

संध्याकाळी लिहिलं: बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं. सिंधुनं घागरी भरल्या. विरूपाक्षनं एका हातानं पाईप धरला. टाकी काठोकाठ भरली, पिंप थोडं रिकामं राहिलं.